जखमी सैनिकांची नावे कुणाला पाठ आहेत?

दरवर्षी १ जानेवारीला आम्ही भीमा कोरेगावला जातो. संभाजीनगरहून रात्री गाड्या सुटतात आणि पहाटेपर्यंत पेरणे फाट्यावर गर्दी उसळते. स्तंभावरची 'नाक' प्रत्यय असलेली २२ नावे आपल्या पोरांना तोंडपाठ आहेत, आणि ते रास्तच आहे. पण त्या दिवसाचा हिशेब तिथे संपत नाही. मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे त्या लढाईत ५० शिपाई ठार झाले आणि १०५ जखमी झाले, अशी नोंद ग्रँट डफने केली आहे. म्हणजे मेलेल्यांच्या दुपटीहून अधिक माणसे हातापायाला, डोळ्याला, पोटाला जखमा घेऊन जिवंत राहिली. त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपल्या भाषणांत कधी येत नाही. शहीद झालेल्याला मानवंदना द्यायला सोपे असते. जगलेल्याला रोज दोन वेळचे जेवण लागते.

हे लिहायला बसलो त्याचे कारण आमच्याच जिल्ह्यातल्या एका वस्तीत आहे. तिथे एक माजी सैनिक राहतात, वय पन्नाशीच्या आसपास. आठ वर्षे नोकरी झाली आणि त्यांना फिट येऊ लागली. मेडिकल बोर्ड बसले आणि त्यांना घरी पाठवले. दहा वर्षे पुरी झाली नव्हती, म्हणून पेन्शन नाही, एकरकमी ग्रॅच्युइटी हातात पडली आणि ती दोन वर्षांत संपली. फिट येणाऱ्या माणसाला वॉचमन म्हणूनसुद्धा कुणी ठेवत नाही. ताई कापूस वेचायला जातात, त्यावर घर चालते. दादांचे कागद एका कॅरीबॅगेत आहेत. त्यातल्या एका इंग्रजी ओळीचा अर्थ त्यांना वीस वर्षांत कुणी सांगितला नव्हता. तुमचा आजार सैनिकी सेवेमुळे झालेला नाही, सेवेने वाढलेलाही नाही, तो तुमच्या प्रकृतीतच होता, असा तो अर्थ. दादांना वाटत होते, आपण नापास झालो. आणि १ जानेवारीला वस्तीतली पोरे त्यांना टोपी घालून, बिल्ले लावून गाडीत पुढच्या सीटवर बसवतात!

'प्रकृतीतच होता' हे शब्द वाचून आम्हाला १८९२ आठवले. त्या सुमारास इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात लढाऊ वंशांचा सिद्धांत बोकाळला होता. अमुक जाती जन्मानेच लढवय्या, तमुक जाती जन्मानेच नालायक, असा तो सिद्धांत. कोरेगावात रक्त सांडलेल्यांच्या नातवंडांना सांगितले गेले की उणीव तुमच्या जन्मात आहे. ज्याच्याकडून काम करून घेतले त्याचे देणे टाळायचे असेल, तर दोष त्याच्या जन्मात शोधायचा, ही युक्ती आपल्याला नवी नाही. मनूपासून ओळखीची आहे.

भरती बंद झाली तेव्हा नेमके काय गेले? नुसती बंदूक गेली नाही. पेन्शन गेली. दापोलीच्या कॅम्पात निवृत्त सैनिकांची वस्ती होती. महिन्याला ठरलेली रोकड येणारी, गावकीच्या बलुत्यावर न जगणारी ही अस्पृश्यांची पहिली पिढी. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त झाले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले. पाटलाच्या दारात भाकरी मागावी लागत असती, तर हे पुस्तक लिहायची उसंत मिळाली असती का? भरती पुन्हा सुरू करा म्हणून १८९४ मध्ये अर्ज तयार करणारेही तेच. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. सुभेदार रामजी सकपाळ यांची गोष्ट तर बाबासाहेबांच्या चरित्रांतच आहे. भीमाला पुस्तक हवे असले की लेकींचे दागिने घेऊन जायचे, ते गहाण ठेवायचे आणि पेन्शन आली की सोडवून आणायचे. आपण म्हणतो चळवळ पुस्तकांनी उभी राहिली. खरे आहे. पण ती पुस्तके पेन्शनीच्या भरवशावर घरात आली.

पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट बेळगावात उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ रोजी. त्याच वर्षी बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते. आज तिच्या सैनिकांना मिळणारी पेन्शन ही त्या अर्जांची आणि त्या झगड्याची मिळकत आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे.

आता कायद्याकडे येतो, कारण दादांसारखी माणसे मराठवाड्यात एकटीदुकटी नाहीत. १९६१ च्या पेन्शन नियमांतला १७३ वा नियम सांगतो की अपंगत्व सेवेमुळे आलेले वा सेवेमुळे वाढलेले असेल आणि ते २० टक्के किंवा जास्त असेल, तर अपंगत्व पेन्शन मिळते. सगळी मेख 'सेवेमुळे' या शब्दात आहे. १९८२ च्या नियमांनी मात्र एक मोठी गोष्ट सैनिकाच्या पदरात टाकली. भरतीच्या वेळी डॉक्टरने आजाराची नोंद केलेली नसेल, तर माणूस धडधाकट आला होता असेच धरायचे आणि पुरावा त्याच्याकडे मागायचा नाही. संशयाचा फायदाही त्यालाच. नियम पुस्तकात राहिला आणि बोर्डे 'प्रकृतीचा दोष' लिहीत राहिली.

धरमवीर सिंग हे सिग्नल कोअरमधले जवान. १९८५ ची भरती, १९९४ मध्ये फिटच्या आजारामुळे घरी, अपंगत्व २० टक्के, शेरा तोच. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरतीवेळी नोंद नसेल आणि आजार आधी का कळू शकला नसता याची कारणे बोर्डाने लिहिली नसतील, तर तो सेवेत झाला असेच धरावे लागेल. २०१४ च्या सुखविंदर सिंग निकालाने हे आणखी पक्के केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राम अवतार निकालाने अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याचा लाभ मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही दिला. २० टक्क्यांचे ५० धरायचे, ५० च्या पुढे ७५ आणि ७६ च्या पुढे १००. त्या दिवशी केंद्र सरकारच्या अपिलांचा गठ्ठाच फेटाळला गेला. अपंग सैनिकाविरुद्ध सरकार अपिलात जाते, हे राष्ट्रभक्तीची भाषणे ऐकताना ध्यानात असू द्यावे.

"वीस वर्षे झाली, आता काय होणार?" असे ताईंनी विचारले. आपली पोरेही हेच म्हणतात. उत्तर २००८ च्या तरसेम सिंग निकालात आहे. पेन्शन न देणे हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे, त्यामुळे उशीर झाला म्हणून हक्क मरत नाही. थकबाकी मात्र साधारणपणे दाव्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे बसून राहिल्यास गेलेला प्रत्येक महिना कायमचा गेला.

अलीकडे वारे उलट फिरले आहे. २०१९ मध्ये मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांच्या अपंगत्व पेन्शनवरची करसवलत काढणारे परिपत्रक निघाले. २१ सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त होणाऱ्यांना नवे नियम लागू झाले. अग्निवीराला तर आजन्म अपंगत्व पेन्शन नाहीच. सेवेमुळे १०० टक्के अपंगत्व आले तर ४४ लाख, ७५ टक्क्यांना २५ आणि ५० टक्क्यांना १५ लाख, एकदाच. बाविशीतल्या पोराने पुढची पन्नास वर्षे त्यावर काढायची. छावणीच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या आपल्या पोरांना हा हिशेब कुणी सांगितला आहे का?

आणि एक आपल्या कार्यकर्त्यांना. जयंतीची वर्गणी वस्तीवस्तीतून गोळा करणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. त्याच वह्या घेऊन प्रत्येक वस्तीत माजी सैनिक किती, डिस्चार्ज बुकात शेरा काय, मेडिकल बोर्डाची प्रत आहे की नाही, एवढे टिपून आणायला काय हरकत आहे? प्रत नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारात अर्ज करता येतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय शहरात आहे. सैन्य न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत आहे. नागसेनवनात कायदा शिकून बाहेर पडलेले किती वकील आपले आहेत, ते आपल्याला ठाऊक आहेच.

दादांच्या मेडिकल बोर्डाची प्रत दोन महिन्यांनी पोस्टाने आली. भरतीच्या तपासणीच्या कागदावर आजाराच्या रकान्यात काहीही लिहिलेले नाही. वकिलाने तेच पान आधी काढून बाजूला ठेवले. वकालतनाम्यावर सही करताना ताईंनी विचारले, तारखेला मुंबईला जावे लागेल का, कारण वेचणीचे दिवस आहेत.