नाण्यांची रासायनिक स्वच्छता

जुन्या नाण्यांवरील माती, मळ व गंज काढून त्यांवरील चिन्हे आणि अक्षरे वाचनीय करण्याच्या प्रक्रियेस नाण्यांची स्वच्छता म्हणतात. तीव्र रसायने वापरल्यास गंजाबरोबर मूळ धातूचा थरही निघून जातो व तो पुन्हा निर्माण करता येत नाही. नाण्याचा पृष्ठभाग व वजन हाच नाणकशास्त्राचा मुख्य पुरावा असल्यामुळे या प्रक्रियेचा संबंध केवळ संग्राहकाच्या हौसेशी नसून इतिहासाच्या साधनांशी आहे.

दक्षिण महाराष्ट्रातील कुर घराण्याची नाणी याचे बोलके उदाहरण होत. कोल्हापूर परिसरात सापडलेल्या या शिशाच्या व पोटीनच्या (तांबे, कथिल इ. धातूंच्या मिश्रणाच्या) नाण्यांवर वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र शिवलकुर व गौतमीपुत्र विळिवायकुर ही नावे आढळतात. यांतील काही नाणी आधीच्या राजाच्या नाण्यांवर पुन्हा ठसा मारून पाडलेली आहेत. नव्या ठशाखाली उरलेल्या जुन्या अक्षरांच्या पुसट खुणांवरून पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या राजांचा अनुक्रम लावला. नासिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या सु. १३,२५० चांदीच्या नाण्यांबाबतही हेच म्हणता येते. ही सर्व नाणी क्षत्रप नहपानाची असून त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चैत्य व उज्जैन चिन्हे उमटविली आहेत. नहपानाचा मुखवटा आणि ग्रीक, खरोष्ठी व ब्राह्मी अक्षरे या चिन्हांखालून डोकावतात. सातवाहनांनी क्षत्रपांवर मिळविलेल्या विजयाचा हा प्रत्यक्ष पुरावा आहे. अशा खुणांची खोली अत्यल्प असते. अम्लात बुडविलेल्या नाण्यावर ठळक ठसा कदाचित राहील. परंतु त्याखालचा पुसट ठसा प्रथम नाहीसा होतो.

वजनाचा पुरावाही असाच नष्ट होतो. नहपानाचे चांदीचे नाणे साधारणतः दोन ग्रॅमच्या आसपास भरते. त्यातून एक दशांश ग्रॅम धातू विरघळला, तरी वजनात ५ टक्के घट होते आणि तौलमानाविषयी काढलेले निष्कर्ष चुकतात. १६७४ च्या राज्याभिषेकापासून पाडल्या गेलेल्या व पुढे दीर्घकाळ चलनात राहिलेल्या शिवराईचे प्रकार ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ या अक्षरांची वळणे, टिंबे आणि लहान चिन्हे यांवरून ठरवितात. आजच्या सांगली–मिरज–कुपवाड महानगरपालिकेच्या क्षेत्रातील मिरज येथेही पूर्वी टांकसाळ होती. घरातील देव्हाऱ्यात वा आजीच्या गाठोड्यात अशी नाणी अद्याप आढळतात. चिंच, लिंबू वा राखेने ती भांड्यांप्रमाणे घासण्याची किंवा सोनाराकडील तेजाबात बुडविण्याची प्रथा हानिकारक आहे.

रासायनिक परिणाम धातूनुसार भिन्न असतात. जमिनीत दीर्घकाळ राहिलेल्या तांब्याच्या नाण्यावर क्यूप्राइट या लाल ऑक्साइडाचा व त्यावर हिरव्या कार्बोनेटाचा थर बसतो. अनेकदा मूळ अक्षरांचा आकार धातूत न राहता या लाल थरातच टिकलेला असतो. त्यामुळे सर्व ‘गंज’ काढल्यास अक्षरेही जातात. हायड्रोक्लोरिक अम्लामुळे नाण्याच्या सूक्ष्म छिद्रांत क्लोराइडे शिरतात. ओलावा व ऑक्सिजन यांच्याशी त्यांची विक्रिया होऊन फिकट हिरवी भुकटी सुटू लागते. याला काशाचा रोग म्हणतात. नायट्रिक अम्ल तांबे व चांदी हे दोन्ही धातू विरघळविते, तर अमोनिया तांब्यावर विशेष परिणाम करतो. चांदीवरील काळा थर मुख्यतः सल्फाइडाचा असतो. तो काढणाऱ्या थायोयूरियायुक्त द्रावणाने पृष्ठभागाची मूळ झळाळी जाऊन तो निस्तेज व खरबरीत होऊ शकतो. शिशावर व्हिनेगरसारख्या सौम्य कार्बनी अम्लांचाही परिणाम होतो. काही लाकडांतून निघणाऱ्या अम्लवाफाही त्याला पुरेशा होतात.

या अनुभवांतूनच शास्त्रीय जतनाची शाखा विकसित झाली. बर्लिनच्या राजकीय संग्रहालयांनी १८८८ मध्ये फ्रीड्रिख राटगेन या रसायनज्ञाच्या हाती प्रयोगशाळा सोपविली. भारतीय पुरातत्त्व विभागात १९१७ मध्ये महंमद सनाउल्ला यांच्याकडे पुरातत्त्वीय रसायनज्ञाचे काम आले. प्रारंभीच्या काळात विद्युत् विच्छेदनाने सर्व गंज उतरविण्याकडे कल होता. पुढे क्लोराइडे निष्प्रभ करून जुना थर जागेवर राखण्यावर भर आला. तांब्याच्या वस्तूंसाठी बेंझोट्रायाझोलाचा उपयोग ब्रिंख मॅडसेन यांनी १९६७ मध्ये मांडला. तथापि हे द्रव्य विषारी असल्याने त्याचा वापर प्रयोगशाळेतच करणे इष्ट ठरते.

नाणे सापडताच त्याचे वजन करून दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि सापडल्याचे स्थळ नोंदवावे. सुटी माती मऊ कुंचल्याने झाडावी. धातू भक्कम असेल तरच ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन नाणे पूर्ण कोरडे करावे. त्यापलीकडचे काम सूक्ष्मदर्शकाखाली तज्ज्ञाने करावयाचे असते. नाणी कडेने धरावीत व कोरड्या जागी, अम्लरहित कागदाच्या पाकिटांत ठेवावीत. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या वापरू नयेत. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या निधीची माहिती जिल्हाधिकाऱ्यास देणे आवश्यक आहे. असा निधी स्वच्छ न करताच सादर करणे अभ्यासाच्या दृष्टीने श्रेयस्कर ठरते. कारण नाण्यांना चिकटलेली माती, कापडाचे ठसे व नाण्यांची एकमेकांवरील रचना यांवरूनही तो निधी कसा पुरला गेला, हे कळू शकते.