मावळचा कान आणि पुण्याचं नवं संगीत

मंडळी, आज ज्या संगीताबद्दल बोलायचं आहे ते मावळात जन्मलेलं नाही. ते पुण्यात, सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात, कॉलेजातल्या आणि नुकत्याच कॉलेज संपवलेल्या मुलांनी उभं केलं. तरी मावळातून त्याकडे पाहायला आपल्याकडे एक कारण आहे. ते पुढे येईलच.

16 डिसेंबर 1972. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग. दिग्दर्शक जब्बार पटेल पेशाने डॉक्टर, दवाखाना दौंडला आणि तालमी पुण्यात. नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे वैद्यकशास्त्रातलेच. संगीत भास्कर चंदावरकरांचं. ते पंडित रविशंकरांचे शिष्य, सतार वाजवायचे आणि फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे.

आता बघा, यात नवं काय होतं? कीर्तन, अभंग, ओवी, लावणी, कोकणातले खेळे. यातलं एकही नवं नाही! रंगमंचावर माणसांची एक रांग उभी राहते आणि गाते. तीच रांग भिंत होते, पडदा होते, गर्दी होते. नवं होतं ते शेजारपण. ज्या तोंडून देवाचं नाव आलं, त्याच तोंडून दुसऱ्या क्षणी बावनखणीची लावणी. भजनाची चाल गोडच राहते आणि तिच्या आडून क्रौर्य चालू असतं.

इथे मावळचा विद्यार्थी आठवावा. भंडाऱ्याच्या डोंगराच्या सावलीतली ही गावं. काकडा, हरिपाठ, सप्ताह, पखवाज हे ज्याच्या कानात लहानपणापासून आहे, त्याला हे नाटक कसं ऐकू आलं असेल? शहरातल्या मुलाला त्यात लोककलेची गंमत दिसली असेल. मावळच्या मुलाचं मात्र घरचंच सामान कोणीतरी उलटं करून मांडलेलं. आमच्या मते खरा धक्का त्यालाच. प्रयोगशील संगीत म्हणजे काहीतरी परदेशी, अनोळखी, असा आपला एक समज असतो. ‘घाशीराम’ने तो मोडला.

या उत्साहाची किंमतही मोजावी लागली. नाटक प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनचं होतं, म्हणजे पीडीएचं. वाद पेटला आणि 19 प्रयोगांनंतर संस्थेच्या ज्येष्ठांनी ते थांबवलं. मुलांपुढे दोनच वाटा होत्या: मोठ्यांचं ऐकायचं, नाहीतर घर सोडायचं. त्यांनी घर सोडलं. 27 मार्च 1973 रोजी थिएटर अकादमी स्थापन झाली आणि 1974मध्ये ‘घाशीराम’ पुन्हा सुरू झालं.

त्याच वर्षी सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ आलं, संगीत आनंद मोडकांचं. मेलेला माणूस स्वतःच्याच मरणाचं कीर्तन करतो! पूर्वरंग-उत्तररंगात मुरलेल्या श्रोत्याला हसू की भीती, काय आधी येत असेल ते सांगता येत नाही.

आणि मग 1978. मार्च महिन्यात पुणे-लोणावळा लोकल धावू लागली. आधीही गाड्या होत्याच, पण आता मळवली, कामशेत, वडगाव, तळेगावच्या पोरांना कॉलेज आणि थिएटर दोन्ही जवळ आलं. त्याच वर्षी अकादमीने ‘तीन पैशाचा तमाशा’ केला. जॉन गे यांचा ‘बेगर्स ऑपेरा’ 1728चा. त्यावरून ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी 1928मध्ये ‘थ्रीपेनी ऑपेरा’ केला. त्याला पन्नास वर्षं होताना पुलंनी तो मराठीत आणला. दिग्दर्शन पुन्हा जब्बार पटेलांचं. संगीताला चंदावरकरांबरोबर आनंद मोडक. आणि गायला कोण? माधुरी पुरंदरे, आणि नंदू भेंडे. हे भेंडे मुंबईचे रॉक गायक. 1974मध्ये अॅलेक पदमसींच्या इंग्रजी ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ज्यूडास झालेले. नाट्यसंगीत, लावणी आणि रॉक एकाच रात्री, एकाच तिकिटात.

रॉक तोवर मराठी मुलांनी ऐकलं नव्हतं असं नाही. पण ते इंग्रजी बोलणाऱ्यांचं, आपलं नव्हे, अशी एक अदृश्य रेघ होती. मराठी शब्द घेऊन तो आवाज आला आणि ती रेघ बरीचशी पुसली गेली. नाटक म्हणून ‘घाशीराम’ आम्हांला अधिक बांधीव वाटतं, हेही सांगून टाकतो. पण कानाची दारं उघडण्याचं काम ‘तीन पैशाचा तमाशा’ने जास्त केलं.

त्या वर्षांत लोकलने पुण्याला जाऊन हे प्रयोग पाहिलेले कोणी आज ऐकत असतील, तर प्रश्नोत्तरांत आधी त्यांनी बोलावं. बाकीचे थांबू.