अँग्लिकन धर्मगुरु आणि रोमन वेदी

तापीच्या उत्तरेस, भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, सावदा हें केळीच्या व्यापारानें नांवारूपास आलेलें गांव आहे. खानदेशांत ख्रिस्ती वस्ती मुळांतच विरळ. तरी सावदा ज्या जळगांव जिल्ह्यांत मोडतें, तो जिल्हा रोमन कॅथलिकांच्या नाशिक धर्मप्रांतांत येतो. १९८७ सालीं पुण्याच्या धर्मप्रांतांतून हा वेगळा काढण्यांत आला. गंमत अशी कीं, नाशिक याच नांवाचा दुसराही एक धर्मप्रांत महाराष्ट्रांत आहे. तो अँग्लिकनांनीं १९२९ सालीं स्थापिला होता, आणि आज तो चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा भाग आहे. एकाच नगराच्या नांवाचे दोन बिशप. पण एकाच्या वेदीवर दुसऱ्यास उपासना चालवितां येत नाहीं. या दुराव्याचें मूळ सोळाव्या शतकांतील इंग्लंडांत आहे. परंतु त्याचा एक मराठी अध्याय पुण्यास घडला.

आठव्या हेन्रीनें १५३४ सालीं पोपची सत्ता झुगारली, आणि एलिझाबेथ राणीच्या काळांत इंग्लंडांत रोमन मिस्सा हा गुन्हाच ठरला. त्या देशांतून निघून रोममार्गें १५७९ सालीं गोव्यास आलेला एक इंग्रज म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’कर्ते फादर स्टीफन्स. मराठी सारस्वताचा लाभ झाला तो असा, परक्यांच्या भांडणांतून.

पुढें तीन शतकांनीं वारें फिरलें. १८३३ च्या सुमारास ऑक्सफर्ड येथें कांहीं अँग्लिकन विद्वानांनीं आपली मंडळी ही प्राचीन कॅथलिक परंपरेचीच शाखा आहे असें प्रतिपादण्यास आरंभ केला. या चळवळीच्या प्रभावांतून १८६६ सालीं काउली येथें अविवाहित धर्मगुरूंचा एक व्रतस्थ संघ निघाला. त्याचे सभासद १८७४ सालीं मुंबईस आले व नंतर पुण्यास पंचहौदापाशीं स्थिरावले. तेथील पवित्र नाम देवालय १८८५ सालचें. वेदीवरच्या मेणबत्त्या, धूप, भरजरी वस्त्रें, धर्मगुरूपुढें पापांची कबुली, सारें असें कीं, अनोळखी मनुष्यास हें देऊळ रोमन नव्हे हें सांगूनही पटूं नये.

या संघांत १८७६ सालीं उमेदवार म्हणून शिरले ते नीळकंठशास्त्री गोऱ्हे, अर्थात् फादर नेहेम्या गोऱ्हे. काशीचे हे चित्पावन पंडित. १८४८ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, आणि १८७० सालीं त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. षड्दर्शनांवर ग्रंथ लिहिणाऱ्या या पंडिताची चिकित्सक बुद्धि धर्मांतरानंतरही स्वस्थ बसली नाहीं. संघाचें कायमचें व्रत त्यांनीं कधींच घेतलें नाहीं. त्यांच्या लेखनाचा प्रभाव पंडिता रमाबाईंवर पडला व १८८३ सालीं वाँटेज येथें त्यांचा अँग्लिकन पद्धतीनें बाप्तिस्मा झाला. परंतु ख्रिस्ती पंथांची गर्दी पाहून आपण गोंधळून गेलों, हें रमाबाईंनीं पुढें स्वतःच नमूद करून ठेविलें आहे.

याच पंचहौदाच्या आवारांत १८९० सालीं तो प्रसिद्ध चहा झाला. रानडे, टिळक आदि मंडळी व्याख्यानास गेलीं. चहा पुढें आला. कोणी प्याले, कोणी नुसता पेला हातीं घेतला. आणि गोपाळराव जोश्यांनीं नांवें वर्तमानपत्रांत दिल्यावर पुण्यांत ग्रामण्य माजलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, प्रायश्चित्तें झालीं. एका पेल्यासाठीं दोन वर्षें भांडणाऱ्या पुणेकरांना यजमानांनीं हंसणें स्वाभाविक होतें. पण ते यजमान तरी रोमन कॅथलिकांच्या पंक्तीस कोठें बसूं शकत होते? त्यांचाही प्रश्न पेल्याचाच होता, फक्त तो वेदीवरचा होता.

सहाच वर्षांनीं, १८९६ सालीं, पोप तेरावे लिओ यांनीं निकाल दिला: अँग्लिकन दीक्षा सर्वथा निरर्थक व शून्यवत् आहे. सहाव्या एडवर्डच्या काळीं दीक्षाविधीचे शब्द व त्यामागील हेतु बदलले, त्यामुळें प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा तुटली, असा त्यांचा युक्तिवाद. इंग्लंडच्या दोघां आर्चबिशपांनीं १८९७ सालीं लॅटिनमध्येंच त्यास उत्तर दिलें. निकाल फिरला नाहीं. अँग्लिकन धर्मगुरूनें धूप कितीही जाळला, तरी रोमच्या दृष्टीनें तो गृहस्थच राहिला.

१९६० सालीं कँटरबरीचे आर्चबिशप फिशर पोपना भेटले, आणि १९६४ सालीं व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेनें ऐक्यासाठीं एकत्र प्रार्थनेस संमति दिली. आज जानेवारीच्या १८ ते २५ तारखांस दोन्ही पंथांचे लोक ऐक्याची प्रार्थना करितात. मिश्र विवाहांत, परवानगी घेऊन, अँग्लिकन धर्मगुरु कॅथलिक देवळांत शास्त्रवाचन करूं शकतो, वधूवरांना आशीर्वाद देऊं शकतो. परंतु वचनांचा स्वीकार एकानेंच करावयाचा. दोन विधि एकामागून एक लावावयाचे नाहींत. मिस्सा मिळून अर्पिण्यास १९८३ च्या धर्मसंहितेनें स्पष्ट मनाई केली आहे. ज्या घरांत सून एका देवळाची व सासू दुसऱ्या देवळाची, तेथें ही मनाई केवळ पंडितांच्या वादाची गोष्ट राहत नाहीं. रविवारीं एकीनें वेदीपाशीं जावयाचें व दुसरीनें बांकावर बसून राहावयाचें, हें त्या घरास दर आठवड्यास दिसतें.

१९७० सालीं नागपूर येथें अँग्लिकन, बॅप्टिस्ट इत्यादि सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. प्रॉटेस्टंटांतील हें ऐक्य मोठें खरें. पण रोमशीं असलेला दीक्षेचा गुंता त्यानें सुटला नाहीं, उलट त्यांत आणखी धागे मिसळले.

त्याआधीं चार वर्षें, मार्च १९६६ मध्यें, रोम येथें संत पौलाच्या देवालयाबाहेर एक विलक्षण प्रसंग घडला होता. पोप सहावे पॉल यांनीं मिलानचे आर्चबिशप असतांना वापरलेली आपली अंगठी काढून कँटरबरीचे आर्चबिशप रॅम्झे यांच्या बोटांत घातली. अंगठी हें बिशपपदाचें चिन्ह. आणि ज्यांस ती मिळाली ते रोमच्या निकालाप्रमाणें बिशपच नव्हते. १८९६ चा तो निकाल अद्याप रद्द झालेला नाहीं. रॅम्झे यांनीं ती अंगठी आमरण वापरली, आणि त्यांच्यामागून आलेले आर्चबिशपही पोपच्या भेटीस जातांना ती बोटांत घालून गेले आहेत.