रंगाखालची खुर्ची

मराठीत बसायच्या जागांना किती शब्द आहेत, एकदा मोजून बघा. पाट, चौरंग, चटई, सतरंजी, घोंगडी, जाजम, गादी, लोड-तक्क्याची बैठक, बाज, ओटा, झोपाळा... परवा कंपनीच्या बसमध्ये मोजायला लागलो तर हिंजवडी येईपर्यंत सहज पंधरा झाले. आणि दिवसाचे नऊ-दहा तास आपण जिच्यावर काढतो, तिचं नाव मात्र बाहेरचं! 'खुर्ची' म्हणजे अरबी 'कुर्सी', फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आलेली. आली तीही एकटी नाही, सोबत मानपान घेऊन आली.

हे सगळं डोक्यात घोळायचं कारण म्हणजे सध्या चालू असलेलं वीकांत-प्रोजेक्ट. दिवाळीत घरी गेलो होतो, म्हणजे कारंजा लाडला (जिल्हा वाशीम, १९९८ पर्यंत आम्ही अकोलेकर होतो). तिथे जुन्या सामानाच्या एका दुकानात हातांची लाकडी खुर्ची साडेतीनशे रुपयांना मिळाली. वरून हिरवा ऑइलपेंट, बसायला फाटकं रेक्झिन. रंग बदलायचा, कापड बदलायचं आणि फ्लॅटमध्ये खिडकीपाशी ठेवायची, एवढाच प्लॅन. घराजवळच्या सुतारकाकांना दाखवली तर त्यांनी नखानं रंग खरवडला आणि म्हणाले, "भाऊ, सागवान आहे हे. याले रंग कायले लावता?"

प्रश्न बरोबर होता. पण उत्तर द्यायच्या आधी तिच्यावर काय काय चढलंय ते बघू म्हटलं.

रेक्झिन काढलं, तर खाली प्लायवूडचा तुकडा, चुका मारून बसवलेला. तो काढल्यावर चौकटीच्या कडेनं एका ओळीत बारीक भोकं दिसली. म्हणजे मुळात ही वेताची खुर्ची. आपल्या उन्हाळ्यात बूड घामेजू नये म्हणून वेताची जाळी, हे जुन्या कचेऱ्यांमधलं साधं एसी :) आणि पाठीच्या मागच्या बाजूला, हिरव्या रंगाच्या खाली, पांढऱ्या रंगात एक आकडा: २७.

सरकारी ऑफिसात ज्यांचे आईवडील होते त्यांना हा आकडा लगेच कळेल. टेबल, खुर्ची, कपाट, सगळ्यांची नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये असते आणि तोच नंबर वस्तूवर रंगवतात. वस्तू जुनी झाली की तिचं 'निर्लेखन' होतं, मग जाहीर लिलाव. लिलावातून भंगारवाला, त्याच्याकडून सुतार, सुताराकडून एखादं घर. तर आमची सत्तावीस नंबर कधीतरी कुठल्यातरी साहेबाची असणार. साहेबाची कशावरून? तर तिला हात आहेत. कारकुनाच्या खुर्चीला बहुधा हात नसत, आणि शिपायाला स्टूल. साहेबाच्या खुर्चीच्या पाठीवर वर एक टर्किश टॉवेलही असे. तो अजूनही बऱ्याच ऑफिसांत दिसतो. लाकूड सगळ्यांचं तेच, पण हुद्दा सांगायचा हात, रंग आणि कापड यांनी.

ही पद्धत आपल्याकडे फार जुनी नाही. थॉमस डॅनियलनं १८०५ मध्ये पूर्ण केलेलं एक मोठं चित्र आज लंडनच्या टेटच्या संग्रहात आहे. प्रसंग १७९० चा, पुण्यातला. टिपूविरुद्धच्या तहासाठी इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट सवाई माधवरावांच्या दरबारात आलाय. आणि मॅलेटसकट सगळे बसलेत जमिनीवर, बैठकीवर! तिथेही मानपान होताच, पण तो कोण किती जवळ बसलं यावरून ठरत होता. खुर्चीवरून नाही.

साठेक वर्षांत चित्र उलटलं. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं आणि इथल्या कचेऱ्या त्यांच्या झाल्या. आता साहेब खुर्चीवर आणि भेटायला आलेला उभा. उत्तर हिंदुस्थानात तर 'कुर्सीनशीन' म्हणून सनदाच देत. म्हणजे हा माणूस साहेबाला भेटायला आला तर त्याला बसायला खुर्ची द्यावी, असं लेखी. आजच्या भाषेत बोलायचं तर अॅक्सेस कंट्रोल लिस्ट!

आमच्या कारंज्यात मात्र दुसरी एक सिस्टिम समांतर चालू होती, गादीची. गाव कापसाचं. हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशानं १८८६ मध्ये कारंज्याला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि भारतातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचं नाव घेतात. आपल्या बाजार समित्यांची सुरुवात इथे आहे, हे पुण्यात सांगितलं की कोणाला खरं वाटत नाही. जुन्या बाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत आणि शेतकरी बाजूला उभा राहून नुसता बघे. लिलाव उघड करायचा, वजन उघड करायचं, यासाठी नियम लागले. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदाही आला. व्यापारी पांढऱ्या गादीवर, अंमलदार खुर्चीवर. कापूस पिकवणाऱ्याला मात्र दोन्हीकडे उभंच राहायचं.

खाली बसणाऱ्यांमध्येही पायऱ्या होत्याच. डॉ. आंबेडकरांनी १९३० च्या दशकात लिहिलेल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत साताऱ्याच्या शाळेबद्दल लिहिलंय. वर्गात त्यांना वेगळं, गोणपाटावर बसावं लागे. ते गोणपाट शाळेचा नोकर शिवत नसे, म्हणून रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. एका लहान मुलाची जागा एका कापडाच्या तुकड्यानं ठरवली होती.

आणि हे सगळं तेव्हाचं म्हणून सोडून देता येत नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीनं पंचायतीत महिला आणि दलितांना राखीव जागा दिल्या, १९९३ पासून त्या लागू झाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या. तरी २०२० मध्ये तामिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यातल्या एका निवडून आलेल्या दलित पंचायत अध्यक्षबाईंना बैठकीत जमिनीवर बसवलं होतं, बाकीचे खुर्च्यांवर. फोटो सगळ्या पेपरांत आले होते. कायद्यानं पद मिळालं, खुर्ची मिळाली नाही.

मग खुर्ची सगळ्यांची कधी झाली? माझ्या मते दोनदा, आणि दोन्ही वेळा श्रेय मॅन्युफॅक्चरिंगचं. पहिली, इराण्याच्या हॉटेलातली वाकवलेल्या लाकडाची खुर्ची. ते डिझाइन व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीचं, साल १८५९. बीच लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायचं. लाकडाचे फक्त सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्ट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत (फ्लॅटपॅक आयकियाच्या कितीतरी आधीचं!). चहाचे पैसे दिले की तिच्यावर बसायला मिळे. आणि दुसरी, १९९० नंतर लग्नाच्या मांडवात आलेली प्लास्टिकची. तिला नंबर नाही, हुद्दा नाही, मामा आणि व्याही सारख्याच खुर्चीवर. आणि तिच्यामुळेच लाकडी खुर्च्या भंगारात जाऊन साडेतीनशेला मिळू लागल्या.

असो. आता काम.

रंगाचं आधी, कारण यात धोका आहे. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं भरपूर असू शकतं, आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं. माझी चार वर्षांची भाची येऊन-जाऊन असते. त्यामुळे कोरडं घासायचं नाही. वॉटर पेपर आणि पाणी, तोंडावर चांगला मास्क, खाली प्लास्टिक, आणि निघालेला चिखल पिशवीत बांधून टाकायचा. हिरव्याखाली निळा निघाला, निळ्याखाली तपकिरी, मग सागवान.

सुतारकाकांचं ऐकून लाकूड मोकळंच ठेवणार होतो. पण पायांच्या खालच्या भागात वाळवीनं खाल्लेलं निघालं. तिथे औषध मारलं, लांबी भरली, अस्तराचा एक हात आणि वर पिवळ्या रंगाचे दोन. बाकी खुर्चीला फक्त पॉलिश. पिवळा का, तर पोळ्याच्या बैलांच्या शिंगांचा म्हणून. १९४२ ला सुरू झालेल्या एशियन पेंट्सची एक गोष्ट सांगतात, की पोळ्याला शेतकरी शिंगं रंगवतात हे बघून त्यांनी छोटे डबे गावोगाव विकायला काढले. आमच्याकडे पोळा झाला की डब्यात उरलेला रंग दाराला, स्टुलाला, खुर्चीला लागायचाच.

कापडासाठी पुण्यातल्या दुकानात गेलो, तर सेल्समननं पहिल्यांदा काय दाखवावं? गोणपाट! 'रस्टिक लुक, सर, खूप चालतंय.' त्यात त्याची काही चूक नाही, कापड सुंदरही होतं. पण ते साताऱ्याचं वाचल्यानंतर मला घेववेना. साधी हातमागाची जाड दोसुती घेतली. चौकटीवर निवारीच्या पट्ट्या ताणून ठोकल्या आणि वर गादी बसवली. आत फोम नाही, कारंज्याहून पिंजून आणलेला कापूस आहे.

तो २७ आकडा मात्र मी घासला नाही. त्याच्याभोवती कागद चिकटवून पॉलिश केलं. रंग आणि कापड बदललं की खुर्चीचा हुद्दा पुसला जातो, हे छानच आहे. पण हुद्दा होता, हे लक्षात राहिलेलं बरं. कारण आपल्या चकाचक फ्लॅटमध्येही चार खुर्च्या रिकाम्या असतात आणि कामाला येणाऱ्या मावशी चहा घेऊन किचनच्या दाराशी खाली बसतात. माझ्याकडच्या मावशींना परवा सत्तावीस नंबर पुढे केली. दोनदा 'नको दादा' झालं, तिसऱ्यांदा बसल्या, टेकून नाही, कडेवर. चहा संपेपर्यंत बसल्या पण.

तर मंडळी, तुमच्याही घरी माळ्यावर अशी एखादी खुर्ची असेल. रंगवायला काढाल तेव्हा घासायच्या आधी एकदा उलटी करून बघा. नंबर, कोणाचं नाव, एखादं साल, वेताची भोकं... काहीतरी निघेलच.