ओएलईडी स्क्रीनमधला ‘यजमान’ रेणू म्हणजे काय?

वाशिंदहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये अनेकांच्या हातात आता ओएलईडी स्क्रीनचे फोन दिसतात. या स्क्रीनमध्ये मागे दिवा नसतो. सेंद्रिय, म्हणजे कार्बनयुक्त, रेणूंचे अतिशय पातळ थर वीज मिळताच स्वतःच उजळतात.

७५ टक्के ऊर्जेचा प्रश्न

वीज दिल्यावर रेणू उत्तेजित होतात. त्यातल्या सुमारे २५ टक्के अवस्था ‘सिंगलेट’ आणि ७५ टक्के ‘ट्रिपलेट’ असतात. साध्या प्रकाशमान रेणूंत ट्रिपलेटची बहुतेक ऊर्जा उष्णतेत वाया जाते. १९९८ मध्ये अमेरिकेत मार्क बाल्डो, स्टीफन फॉरेस्ट, मार्क थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनमयुक्त रेणू वापरून ट्रिपलेटमधूनही प्रकाश मिळवला. यालाच फॉस्फरन्स म्हणतात. पुढे इरिडियमची संयुगं जास्त वापरात आली.

यजमान कशाला हवा?

हे रेणू दाटीने बसले तर एकमेकांचा प्रकाश विझवतात. म्हणून ते थोड्या प्रमाणात, बहुधा ५ ते १० टक्के, दुसऱ्या सेंद्रिय पदार्थात मिसळतात. हा पदार्थ म्हणजे यजमान, अर्थात होस्ट. त्याच्याकडून तीन अपेक्षा असतात:

• त्याची ट्रिपलेट ऊर्जा पाहुण्या रेणूपेक्षा जास्त हवी, नाहीतर ऊर्जा उलट यजमानाकडेच जाते.
• त्याने धन आणि ऋण दोन्ही प्रभार वाहून न्यावेत.
• स्क्रीन तापली तरी त्याचे स्फटिक होऊ नयेत.

निळ्याशी गाठ

‘सीबीपी’ या प्रसिद्ध यजमानाची ट्रिपलेट ऊर्जा सुमारे २.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. हिरव्यासाठी ती पुरते, निळ्यासाठी कमी पडते. रेणूमधली बेंझिन वलयांची साखळी आखूड केली की ऊर्जा वाढते. अशा ‘एमसीपी’ची ऊर्जा सुमारे २.९ आहे. पण साखळी तोडली की प्रभार वाहणं अवघड होतं. शिवाय निळ्या प्रकाशाची ऊर्जा रेणूतले कमकुवत बंध तोडू शकते. म्हणूनच बहुतेक फोनमध्ये लाल आणि हिरवा रंग फॉस्फरन्सचा, तर निळा अजून जुन्या, जास्त वीज खाणाऱ्या पद्धतीचा असतो.

महाराष्ट्रात नागपूरमध्येही या क्षेत्रात काम झालं आहे. तिथले एन. थेजो कल्याणी आणि एस. जे. ढोबळे यांनी हेंड्रिक स्वार्ट यांच्यासह लिहिलेला ओएलईडीवरचा ग्रंथ २०१७ मध्ये आला.

टिकाऊ निळा यजमान सर्वत्र रुळला, तर फोनची बॅटरी जास्त पुरेल. तोवर ब्राइटनेस कमी ठेवणं हा स्क्रीन जपण्याचा सोपा उपाय.