फोटो कुणासाठी? छायाचित्रणाच्या प्रकारांची तोंडओळख

छायाचित्रण शिकायचे म्हटले की महागडा कॅमेरा आणि शहरातली संस्था डोळ्यांपुढे येते. मराठवाड्यातल्या पुसेगाव, सेनगावकडच्या वाचकाला तर हा आपला प्रांतच नव्हे, असे वाटण्याचा संभव अधिक. वास्तविक 1839 साली पॅरिसमध्ये दागेरची छायाचित्रे काढण्याची पद्धत जाहीर झाली आणि 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभीही राहिली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले जाणते छायाचित्रकार. ही कला आपल्याकडे उशिरा आली, असे म्हणण्याची सोय नाही.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या दरबाराचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ (1844–1905) यांनी महाल आणि शाही लवाजमा टिपला; शिवाय त्यांच्या स्टुडिओने औरंगाबाद जिल्ह्यातील दुष्काळी कामांचीही चित्रे काढली. ती पाहताना वाचकांनी एक प्रश्न मनाशी ठेवावा: हा फोटो कुणी काढवून घेतला, आणि कुणाला दाखवायला? दरबारासाठी काढलेल्या चित्रात भुकेपेक्षा सरकारी मदतीचा बंदोबस्त ठळक दिसला, तर नवल नाही. आता अतिवृष्टीनंतर बांधावर उभे राहून, पाण्यात बसलेल्या सोयाबीनचा तुम्ही मोबाइलवर काढलेला फोटो आठवून पाहा. त्यावर तारीख आणि ठिकाण उमटते, पंचनाम्याला तो जोडता येतो. इथे दाखवणारा शेतकरी आहे आणि पाहणारे सरकार. दस्तऐवजी छायाचित्रण म्हणतात ते हेच. तुम्ही त्यात केव्हाच उतरला आहात.

हाच प्रश्न विचारत गेले की बाकीचे प्रकारही आपोआप ओळखीचे होतात. मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे टिपणारे सुधारक ओलवे आणि तमाशा कलावंतांमागे फिरणारे संदेश भंडारे यांची चित्रे एका कुळातली. होमाई व्यारावाला यांची वृत्तपत्रासाठीची घाई वेगळी, गौतम राजाध्यक्ष यांच्या व्यक्तिचित्रांतली निवांत ओढ वेगळी. वन्यजीव छायाचित्रणाला पैसा आणि सवड दोन्ही लागतात, म्हणून या पुस्तकात त्याचा विचार शेवटी केला आहे.

लग्नाचे फोटो काढणाऱ्याला कलावंत न मानण्याची आपल्याकडे खोड आहे; मला ती पटत नाही. मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडातून झिरपणारा उजेड नवरीच्या चेहऱ्यावर रंग चढवतो, मांडवाच्या तोंडाशी ऊन भगभगत असते, आणि अक्षता पडायच्या नेमक्या वेळी कुणीतरी मामा कॅमेऱ्यासमोर येतो. त्यातून चेहरा राखणे हे कसबच आहे. गावच्या स्टुडिओवाल्याशी गप्पा मारल्यात तर पुस्तकात नसलेले बरेच हाती लागेल.

नवख्या वाचकांनी सुरुवात औंढा नागनाथाच्या देवळापासून करावी. खालचा भाग काळ्या दगडाचा, कोरीव. वरचे शिखर नंतरच्या काळातले, पांढरे. भर दुपारी दोन्ही एका चौकटीत घ्या: एक तर शिखर पांढरेफटक पडेल, नाहीतर मूर्ती काळोखात जातील. मोबाइलच्या पडद्यावर आधी शिखरावर आणि मग दगडावर बोट ठेवून तोच फोटो दोनदा काढलात, की कॅमेरा उजेड कसा मोजतो ते कळते. मग कोवळ्या उन्हात, किरण भिंतीला घासून जात असताना पुन्हा जा. मूर्तीच्या कडेला सावली धरते आणि दुपारी सपाट भासलेले कोरीव काम उठून दिसते. वास्तुचित्रणाची पहिली अक्षरे एवढीच.

पुढली प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत, असा आग्रह नाही. लग्नसराई तोंडावर असेल तर थेट तिकडे वळावे, रानात जायचे असेल तर निसर्गाकडे. मात्र उजेडावरचे प्रकरण आधी वाचावे, आणि जमल्यास अंगणात बसून, फोन हाताशी ठेवून.