'घाटी', 'कानडी', 'पोलाक' : समाजाचे नाव हेटाळणीचे कसे होते

काही शब्द आपण ऐकतो आणि काही आपणच बोलतो. हे शब्द आले कुठून आणि त्यांनी काय इजा होते, याची माहिती मुलांना घरातच मिळावी म्हणून आम्ही ती येथे एकत्र देत आहोत.

घाटी

'घाटी' म्हणजे घाटावरचा माणूस, मूळ अर्थ एवढाच. सह्याद्रीच्या वर देश आणि खाली कोकण व गोवा. खालचे लोक वरच्यांना घाटी म्हणत, तेव्हा ते केवळ ठिकाण सांगत होते.

मुंबईत गिरण्या आणि गोदी उभी राहिली, तशी सातारा, सांगली, कोल्हापूर भागातून माणसे कामाला गेली. ओझी वाहणे, धुणीभांडी, साफसफाई अशी कामे त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला आली. मग ठिकाणाचे नाव त्या कामाला चिकटले. 'घाटी' म्हणजे अडाणी, गबाळा, अंगमेहनतीचा माणूस असा अर्थ रूढ झाला. पुढे मुंबईतले काही अन्य भाषिक सरसकट मराठी माणसालाच घाटी म्हणू लागले.

आपल्याला हा शब्द जास्त भेटतो तो गोव्यात. मच्छेहून खानापूरकडे जाऊन अनमोड घाट उतरा, नाहीतर जांबोटीवरून चोर्ला घाट; खाली गोवाच. बेळगावची भाजी याच वाटांनी जाते आणि कामाला जाणारी माणसेही. तिथे 'घाटी' म्हणताना कोणी मातृभाषा विचारत नाही. इथे फलकावरच्या अक्षरांवरून भांडणारे मराठी आणि कन्नड भाषिक दोघेही घाट उतरले की घाटीच ठरतात.

आपल्या तोंडातले शब्द

'कानडी' हा मराठीतला जुना, साधा शब्द आहे. ज्ञानेश्वरांच्या अभंगात खुद्द विठ्ठल 'कानडा' आहे आणि त्या शब्दात माया आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि सीमाप्रश्न पेटला. तेव्हापासून भांडणाच्या ओघात तोच शब्द दात-ओठ खाऊनही उच्चारला जातो. सीमाप्रश्नाची मागणी मांडणे हा आपला हक्क आहे. शेजाऱ्याच्या भाषेचे नाव शिवीसारखे वापरणे हा त्या हक्काचा भाग नाही.

1966 मध्ये शिवसेना स्थापन झाली. त्यानंतरच्या काळात मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध मोहीम चालली, तेव्हा 'लुंगीवाला', 'यंडुगुंडू' असे शब्द लोकांच्या तोंडी होते. गोष्ट शब्दांवर थांबली नाही. उडपी हॉटेलांवर हल्ले झाले. हिंदीत 'भैया' म्हणजे भाऊ, पण मराठीत उत्तरेकडील कामगाराला कमी लेखण्यासाठी तोच शब्द वापरला जातो.

पोलंडच्या लोकांचा अनुभव

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. पोलिश भाषेत 'पोलाक' म्हणजे पोलंडचा माणूस. ते लोक स्वतःला अभिमानाने हेच म्हणवतात. मात्र हे लोक अमेरिकेत कोळशाच्या खाणींत, पोलाद कारखान्यांत आणि कत्तलखान्यांत राबायला गेले, तेव्हा इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी त्याच शब्दाची शिवी झाली. पोलिश माणूस म्हणजे मठ्ठ, असे विनोद तिथे 1960 आणि 1970 च्या दशकांत सर्रास चालत. जर्मनीतही अशाच शब्दाने त्यांना हिणवले जाई. मार्च 1940 मध्ये नाझी राजवटीने जर्मनीत राबणाऱ्या पोलिश मजुरांना कपड्यांवर 'पी' अक्षराचा बिल्ला लावण्याची सक्ती केली.

याच महायुद्धात देशोधडीला लागलेले सुमारे 5000 पोलिश लोक, मुख्यतः बायका आणि मुले, आपल्या शेजारी कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत 1943 ते 1948 या काळात राहिले. त्या आसऱ्याची कृतज्ञता म्हणून पोलंडची राजधानी वॉर्सा येथे स्मारक आहे. परक्या लोकांना मानाने वागवल्याची आठवण किती टिकते, हे त्यातून दिसते.

इजा कशी होते

अशा शब्दाने माणसाचे नाव पुसले जाते. 'अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा' ही ओळख जाऊन एक शिक्का उरतो. शिक्का बसला की कमी मजुरी देणे, खोली नाकारणे, खरे बोलला तरी विश्वास न ठेवणे सोपे जाते. मुले चारचौघांत आईशी आपल्या भाषेत बोलायला लाजतात. 'अरे, गंमत केली' असे म्हणणाऱ्याला हे दिसत नाही, कारण झळ त्याला बसलेली नसते.

कायदा आणि घर

भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 नुसार जन्मस्थान, भाषा, वंश, धर्म, जात अशा कारणांवरून समाजासमाजांत वैर पसरवणे हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा जातीवरून जाहीर अपमान केल्यास 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. मात्र रोजच्या टोमण्यासाठी कोणी पोलीस ठाण्यात जात नाही. ते काम घरातच करावे लागते.

म्हणून सभासद कुटुंबांना आमची विनंती :

- माणसाला नावाने हाक मारा. वयाने मोठा असेल तर मामा, काका, अण्णा, अक्का म्हणा, तो कोणत्याही भाषेचा असो.
- असा शब्द मुलाच्या तोंडून आला तर नुसते रागावू नका. शब्दाचा मूळ अर्थ सांगा आणि तो कोणाला, का लागतो तेही सांगा.
- मुलाला कोणी 'घाटी' म्हणाले तर आपण घाटावरचे आहोत, त्यात लाजण्यासारखे काही नाही, हे त्याला ठामपणे सांगा. उलट शिवी शिकवू नका.
- मंडळाच्या स्नेहसंमेलनातील नाटुकल्यांत कोणत्याही समाजाची बोली केवळ हसे करण्यासाठी वापरू नका.